उरलेल्या सिरिंज कुठे गेल्या?

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणती चोरी कोणत्या गावची, हे सांगताना मी हल्ली चुकतो. हे एक प्रकरण मात्र तसेच्या तसे लक्षात आहे. पोलीस एरवी आरोपीच्या मागे धावतात. त्या दिवशी आम्ही आजारी माणसांच्या मागे धावत होतो, आणि त्यांच्यातल्या काहींना आपण आजारी आहोत हेच माहीत नव्हते.

मी तेव्हा डहाणू भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. भाताची कापणी उरकून मळणी सुरू झाली होती, हवेत सकाळचा गारवा होता. हजेरी घेऊन मी आवारातच रेंगाळलो होतो. ही माझी जुनी सवय. रात्रपाळी उतरणारा शिपाई घरी जाण्याआधी दोन मिनिटे बोलता झाला, की गावात काय शिजते आहे ते कळते. तो झोपून उठेपर्यंत बातमी शिळी होते.

तेवढ्यात ठाणे अंमलदाराने हाक मारली.

"साहेब, गुजरातवरून कोणी डॉक्टर आहेत फोनवर. तुमच्याशीच बोलायचं म्हणतात."

सीमेपलीकडच्या एका मोठ्या डोळ्यांच्या रुग्णालयातले ते शल्यचिकित्सक होते. मराठी स्वच्छ बोलत होते, फक्त बोलण्याला गुजराती हेल होता.

"साहेब, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मला मदत पाहिजे," ते म्हणाले. "तुमच्या डहाणूचे एक पेशंट काल आले, दुसरे आज सकाळी. दोघांचा एकेक डोळा लाल, सुजलेला, आत पू. दोघांना एकाच दिवशी एकाच दवाखान्यात डोळ्यात इंजेक्शन दिलेलं आहे."

"डोळ्यात इंजेक्शन?" मी विचारले. तोवर मला असा काही उपचार असतो हे ठाऊक नव्हते.

"हो. वय झालं की काही लोकांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतो. कडेचं दिसतं, पण समोरच्याचा चेहरा दिसत नाही, अक्षर दिसत नाही. त्यातल्या एका प्रकारात डोळ्याच्या आत औषध टोचलं तर उरलेली नजर टिकते. उपचार चांगला आहे, मी स्वतः रोज करतो. पण औषध दूषित असेल, तर जंतू थेट डोळ्याच्या आत जातात."

"मग काय होतं?"

"मग थांबायला वेळ नसतो. लवकर आले तर आम्ही डोळ्यात प्रतिजैविक देतो, गरज पडली तर ऑपरेशन करतो, पुष्कळदा डोळा वाचतो. उष्णता झाली असेल म्हणून घरी बसले, तर गेला. तेच औषध आणखी कोणाला दिलं असेल तर त्यांना शोधून पाठवा. उद्या नको साहेब, आजच."

मी फोनची नोंद स्टेशन डायरीत घ्यायला सांगितली आणि टोपी उचलली. जीपमध्ये बसतो न बसतो तोच बीटवरच्या शिपायाचा निरोप आला. डहाणू रोड स्टेशनजवळ डोळ्यांच्या एका दवाखान्यासमोर लोक जमले होते आणि एकाने दगडही उचलला होता.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. शटर अर्धे ओढलेले. खाली गर्दीत नातेवाईक थोडे आणि बघे जास्त होते. गर्दीपुढे उभे राहिले की मी सर्वांशी कधीच बोलायचो नाही. ज्याला खरोखर लागले आहे असा एक माणूस शोधायचा आणि त्याच्याशीच बोलायचे, म्हणजे उरलेले आपोआप ऐकू लागतात. इथे तो शोधावा लागला नाही. किनाऱ्यावरच्या आगर गावच्या एका वयस्कर मच्छीमाराची मुलगी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून ओरडत होती.

"माझ्या बापाचा डोळा घालवला हिने! पाण्याचा रंग बघून मासळी सांगणारा माणूस तो. आता डोकं धरून पडलाय. आणि ही वर लपून बसली!"

"ताई, वडील आता कुठे आहेत?" मी विचारले.

"गुजरातला नेलंय. भाऊ आहे सोबत."

म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेले पहिले पेशंट हेच होते. मी तिला बाजूला घेतले आणि फोनवर जे ऐकले ते जसेच्या तसे सांगितले.

"मला वर जाऊन आधी एवढंच विचारायचं आहे, की हे इंजेक्शन आणखी कोणाला दिलं. इथे दगड पडले तर ते विचारायचं राहून जाईल. आणि दुसऱ्या कोणाच्या तरी वडिलांचा डोळा जाईल."

मग पदर कमरेला घट्ट खोचून तिने गर्दीकडे तोंड केले. "गप बसा रे सगळे! साहेबांना वर जाऊ द्या. आणि तो दगड टाक खाली, तुझा कोण आहे रे आत?"

दगडवाल्याचा खरोखरच कोणी नव्हता. तो निघून गेला.

वर डॉक्टर बाई पेशंटच्या स्टुलावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. हातात मोबाईल होता आणि त्यांचा घसा बसला होता. लपल्या नव्हत्या, सकाळपासून फोन करत होत्या.

"त्या दिवशी पाच जणांना दिलं," त्या म्हणाल्या. "दोघे तिकडे पोहोचलेत. दोघांना मी गाडी करून पाठवलंय. स्टेशनमागच्या चाळीतल्या एक आजी राहिल्यात, त्या फोन उचलत नाहीत."

मी माझ्या हवालदाराला चाळीत पाठवले. आजी नळावर होत्या. डोळा नुसता लालसर होता, दुखत नाही म्हणाल्या. हवालदाराने त्यांना कपडे बदलायलाही वेळ दिला नाही, तशाच गाडीत बसवून पाठवून दिले. पुढे डॉक्टरांनी सांगितले की त्यांचा डोळा वाचला तो त्या घाईमुळेच.

"औषध कुठून आलं?" मी डॉक्टर बाईंना विचारले.

"मूळ बाटली मोठी असते. निर्जंतुक खोलीत तिच्यातून छोट्या सिरिंज भरतात, म्हणून साध्या माणसाला परवडतं. गेली काही वर्षं एकच पुरवठादार त्या तयार सिरिंज आणून देतो. बर्फाच्या डब्यात, प्रत्येकीवर लेबल. या वेळी लेबल वेगळं दिसलं. मी विचारलं. तो म्हणाला, मॅडम, पॅकिंग बदललंय." त्या थांबल्या. "इतक्या वर्षांचा माणूस. मी पुढे चौकशी केली नाही." मग त्यांनी सरळ विचारले, "मला अटक करणार का?"

डॉक्टरांवर निष्काळजीपणाचा गुन्हा असा तडकाफडकी दाखल होत नाही. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीचा अभिप्राय लागतो. तसे मी त्यांना सांगितले आणि दवाखाना आहे त्या स्थितीत बंद ठेवायला लावला. खाली उतरताना मी गुजरातच्या डॉक्टरांना पुन्हा फोन लावला.

"एका बाटलीतून पाचच सिरिंज भरतात का?"

"छे! कितीतरी जास्त. पाचांसाठी कोण बाटली फोडेल?"

मी जिन्यातच थांबलो. पाच सिरिंज डहाणूत वापरल्या गेल्या. मग उरलेल्या कुठे गेल्या?

पुरवठादाराला आणायला माणूस पाठवायची गरज पडली नाही. निरोप मिळताच तो स्वतःच मोटारसायकलवरून ठाण्यात आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, डहाणू रोडच्या प्रत्येक मेडिकल दुकानात ओळख. मूळचा तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातला, पण बरीच वर्षे डहाणूजवळच्या सरावलीत भाड्याच्या खोलीत राहत होता. आल्या आल्या त्याने सर्वांना नमस्कार केला.

हवालदार माझ्या कानाशी आला. "साहेब, थोडा वेळ माझ्या ताब्यात द्या. बोलेल."

मी नको म्हटले. मार खाणारा माणूस आपल्याला ऐकायचे असते ते बोलतो. मला खरे ऐकायचे होते आणि लगेच ऐकायचे होते. मी दार उघडे ठेवले, चहा मागवला आणि टेबलाच्या पलीकडे न बसता त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो.

"माल कुठला?"

"मुंबईहून आला, साहेब. नेहमीसारखा."

"किती सिरिंज?"

"पाच."

"बिल?"

"कुरियरने येईल."

"बाटली तू उघडलीस?"

"मी कशाला उघडू? मी आणून देणारा माणूस."

मी तेच प्रश्न उलटसुलट करून विचारले. उत्तरे तीच, त्याच शब्दांत. खरे बोलणारा माणूस अडखळतो, मध्येच काहीतरी आठवून दुरुस्त करतो. ह्याचे कुठेच काही अडखळत नव्हते. घड्याळ मात्र पुढे चालले होते. मग मी बिल आणि बाटली सोडून दिली आणि आगरच्या आजोबांची हकिगत सांगू लागलो. त्यांच्या मुलीने मला पायरीवर सांगितली होती, तशीच.

"पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्यात खडा गेल्यासारखं वाटलं. ते कोणाला बोलले नाहीत. पोरं कामाला गेली होती. मग डोळा सुजला, डोकं फुटायला आलं. संध्याकाळी सुनेने दिवा लावला तर विचारतात, लाईट गेली का? पू झाला होता आत. नुसता ओला कपडा ठेवून बसले होते."

तो चहाचा पेला हातात धरून बसला होता. प्यायला नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "प्रत्येकालाच होतं का ते? की कोणाकोणाला होत नाही?"

चौकशीला बसलेला माणूस साधारण जामिनाचे विचारतो, कलम कोणते लागेल ते विचारतो, वकिलाला फोन करू का म्हणतो. दुखण्याबद्दल विचारणारा मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी आवाज खाली आणला.

"कोणाला दिलंय?"

त्याने पेला टेबलावर ठेवला.

"हे बघ, तुझं काय व्हायचं ते पुढे होईल. त्याला महिने लागतील. पण त्या माणसाकडे आजचाच दिवस आहे. कोणाला दिलंय?"

"माझ्या आयसला," तो म्हणाला.

तिकडच्या पाड्यांवर आईला आयस म्हणतात. इतका वेळ तो माझ्याशी बाजारातली, ऑफिसातली मराठी बोलत होता. तो शब्द तोंडातून गेला आणि त्याचे खांदे खाली आले. आता हा खोटे बोलणार नाही, हे मला कळले.

पुढचे सारे त्याने भडाभडा सांगितले. तलासरीत आठवड्यातून एकदा येऊन पेशंट तपासणारे डोळ्यांचे दुसरे एक डॉक्टर होते. उरलेल्यांपैकी तीन सिरिंज त्याने तिथे पोहोचवल्या होत्या. दोन तलासरी बाजारातल्या वयस्कर पती-पत्नीला दिल्या गेल्या, तिसरी त्याच्या आईला. बाकीच्या त्याच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये होत्या.

"सकाळीच का नाही सांगितलंस?" हवालदार ओरडला.

"सांगितलं असतं तर बाकीचं पण सांगावं लागलं असतं," तो म्हणाला. "मला वाटलं, तिला काही होणार नाही. तिला काही झालं असतं तर तिने कळवलं असतं."

मी तलासरीच्या सहकाऱ्यांना फोन केला. त्यांनी त्या जोडप्याला घरातून उचलून थेट रुग्णालयाकडे काढून दिले. दोघांना काहीच त्रास नव्हता, म्हातारा उलट चिडला होता. आई मात्र डोंगरातल्या पाड्यावर होती आणि तिथे फोनला रेंज नव्हती. वरिष्ठांना सर्व कळवून, तिला पुढे गुजरातच्या रुग्णालयात न्यायचे म्हणून राज्याची हद्द ओलांडायची परवानगी घेतली, स्टेशन डायरीत नोंद केली आणि निघालो. जीपमध्ये चालक, मी, हवालदार, एक महिला शिपाई आणि तो.

डहाणूच्या चिकूच्या बागा मागे पडल्या, हायवेवर ट्रकांच्या रांगेतून वाट काढत तलासरी गाठली आणि तिथून पूर्वेला वळलो. रस्ता आधी अरुंद झाला, मग खडीचा, मग नुसता मातीचा. ओढ्याशी जीप थांबली. पुढे चढण पायीच होती. तो आमच्या पुढे चालत होता, जवळजवळ पळतच होता. हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी मानेनेच म्हटले, जाऊ दे. हा कुठेही पळून जाणार नव्हता.

खळ्यावर मळणी चालली होती. घराच्या ओट्यावर म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, एका डोळ्यावर ओल्या फडक्याची घडी. पावलांचा आवाज ऐकून तिने मान वळवली, पण आमच्याकडे नव्हे. आम्ही समोर उभे होतो आणि ती तोंड बाजूला करून कुडाकडे बघत होती. ठाण्यात एखादा असा नजर चुकवून बोलला की आम्ही त्याला खोटारडा समजतो. ही बाई नजर चुकवत नव्हती. तिचे मधले दिसणेच गेले होते, म्हणून ती कडेने आम्हाला नीट बघत होती.

"आये, मी," तो म्हणाला.

"तुझ्यासंगं पोलीस कशाला?"

महिला शिपाई पुढे झाली आणि ओट्यावर तिच्याजवळ बसली. "आजी, डोळा दुखतो का?"

"नाय गं. उष्णता झाली जराशी."

"फडकं काढा बघू."

फडके काढले. पापणी सुजून मिटली होती. मुलाने तिथेच खाली बसकण मारली.

"मी काय सांगायचं तुला?" म्हातारी त्याला म्हणाली. "तू एवढा खटपट करून डोला बरा कराय नेला. दुखतो म्हणून कसा सांगू? तुझं मन मोडलं असतं."

"आये, ते औषध मीच भरलं होतं," तो म्हणाला. "घरात बसून. ते खराब झालं. आणखी लोकांचे डोळे गेले त्याच्यामुळे."

खळ्यावरची माणसे काम थांबवून बघत होती. म्हातारीने हात पुढे करून चाचपत त्याचे डोके शोधले. मला वाटले कुरवाळणार. तिने त्याच्या डोक्यात एक जोराची टपली मारली आणि त्याच हाताने त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली.

"कोंबड्या डालून ये," ती म्हणाली. "आणि शेजारणीला सांग, रेडकाला पाणी पाज. चल सायेब, कुठं न्यायचं तिथं ने."

चढण उतरताना त्याने तिला पाठुंगळी घेतले. जीपमध्ये दर खड्ड्याला ती हूं करायची आणि प्रत्येक वेळी तो चालकाला "हळू, हळू" म्हणायचा. चालक हळू चालवत नव्हता, कारण मी त्याला तसे बजावले होते.

रुग्णालयात तिला थेट आत नेले. डॉक्टरांनी डोळ्यातल्या द्रवाचा नमुना घेतला, प्रतिजैविक टोचले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "साहेब, आज आणलीत म्हणून आशा आहे. उद्या असती तर मी हात जोडले असते."

तो ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसला होता. तिथे मी त्याला काही विचारले नाही. त्याने आपणच सांगितले. मुंबईची तयार सिरिंज मिळायला उशीर होत होता आणि डॉक्टर बाईंना तारीख देऊन बसला होता. ती तारीख चुकली तर त्या दुसरा पुरवठादार बघतील, ही भीती. मोठी बाटली कुठूनतरी मिळाली. सिरिंज भरताना त्याने एकदा पाहिले होते, आपल्यालाही जमेल असे वाटले. सरावलीच्या खोलीत टेबल पुसून घेतले, हात साबणाने धुतले आणि भरल्या. फ्रीज घरचाच, भाजीचा. मध्ये लाईट गेली होती. त्यात नफाही होता, हेही त्याने लपवले नाही.

"वाईट करायचं नव्हतं साहेब," तो म्हणाला. "तसं असतं तर आयसला दिलं असतं का?"

मी म्हणालो, "तुला वाईट करायचं नव्हतं हे मला पटतं. आत जे झोपलेत त्यांना त्याचा काय उपयोग?"

तेवढ्यात आगरची ती मुलगी पॅसेजमधून आली. तिच्या वडिलांना त्याच मजल्यावर ठेवले होते. हा कोण आहे, हे तिला एव्हाना कळले होते. आता इथे काय होते, म्हणून मी उठून उभा राहिलो. ती त्याच्यासमोर थांबली.

"तुझी आई आत आहे म्हणतात."

त्याने मान हलवली.

तिला खूप काही बोलायचे होते, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. शेवटी ती एवढेच म्हणाली, "मग बस इथंच. कळंल तुला," आणि वडिलांच्या खोलीत गेली.

पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात चालत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी पंच घेऊन आम्ही सरावलीच्या खोलीवर गेलो आणि त्याने जागा स्वतः दाखवली. भाजीच्या खणात, मेथीच्या जुडीमागे, उरलेल्या सिरिंज होत्या. पंचनाम्याचे चित्रीकरण झाले. औषध कायद्याची कारवाई हे औषध निरीक्षकांचे काम, पोलिसांचे नव्हे. निरीक्षक बाई बर्फाचा डबा घेऊन हजर होत्या. त्यांनी सिरिंज मोजून, मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवल्या. रुग्णांच्या डोळ्यांत सापडलेले जंतू आणि सिरिंजमधले जंतू एकच निघाले. प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहिणे बरोबर नाही.

म्हातारीचा जबाब घ्यायचा होता. वयस्कर बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचे नसते, म्हणून आम्हीच पुन्हा तो डोंगर चढलो. तिचा डोळा शांत झाला होता. आधी जेवढे दिसत होते जवळजवळ तेवढे परत आले होते, ओट्यावर बसून ती नाचणी पाखडत होती. मी तिला समजावून सांगितले की हा जबाब मुलाच्या विरोधात जाऊ शकतो.

"त्यानंच आणलं होतं, लिव," ती म्हणाली. "त्यानंच मना तलासरीला नेलं, लिव. आणि हेही लिव, की इचारलं तेव्हा त्यानंच सांगितलं. दोन्ही खरं आहे, तं दोन्ही लिव."

मी दोन्ही लिहिले. ती म्हणाली, आता वाचून दाखव. वाचून दाखवल्यावर तिने मान हलवली आणि पुन्हा नाचणी पाखडू लागली.

बाकीच्यांचे म्हणाल तर बहुतेकांचे डोळे वाचले. तलासरीच्या जोडप्याला वेळीच औषध मिळाले, त्यांना काहीच झाले नाही. चाळीतल्या आजींची नजर परत आली. आगरच्या आजोबांचा तो डोळा मात्र गेला. त्यांना न्यायला एका दिवसाचा उशीर झाला होता आणि तो भरून निघण्यासारखा नव्हता.

तज्ज्ञांच्या समितीने डॉक्टर बाईंवर फौजदारी निष्काळजीपणाचा ठपका ठेवला नाही, पण लेबल बदललेले दिसल्यावर खात्री करायला हवी होती, असे स्पष्ट लिहिले. बाईंनी तो अहवाल माझ्यासमोर वाचला आणि म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय." त्यानंतर त्यांनी दवाखाना पुन्हा उघडला. डोळ्यातल्या इंजेक्शनसाठी कोणी येईना. हीच खरी काळजीची गोष्ट होती. ज्यांची नजर त्या उपचारावर टिकून होती ती सारी वयस्कर माणसे भीतीने घरी बसली होती, आणि घरी बसून त्यांची नजर जात होती. एक डोळा जंतूंनी घेतला तर दहा डोळे भीतीने जातील, असे गुजरातचे डॉक्टर मला म्हणाले होते.

एका सकाळी मी डहाणू रोडला बंदोबस्ताच्या कामाने गेलो होतो. दवाखान्याच्या जिन्याशी आगरची ती मुलगी दिसली. पहिल्यांदा मला वाटले, पुन्हा भांडण. मग पाहिले, तिच्या हाताला धरून वडील उभे होते.

"साहेब, ऐकतच नाहीत," ती वैतागून म्हणाली. "दुसऱ्या डोळ्याचं इंजेक्शन चुकलंय म्हणतात. मी म्हटलं, गुजरातला नेते. तर म्हणतात, लांब पडतं, इथंच घेणार."

"लांब नाय पडत," आजोबा म्हणाले. "पण ही बाई रोज फोन करते. घरी येऊन डोला बघून जाते. चूक झाली तं तोंड लपवलं नाय तिनं. आता तिला सांभालून कराय येईल."

मी त्यांच्याबरोबर वर गेलो. बाईंनी नव्या ठिकाणाहून आलेली सिरिंज त्या दोघांसमोर धरली, बर्फाचा डबा दाखवला आणि लेबलवरचा प्रत्येक शब्द मोठ्याने वाचला. कुठे भरली, कधी भरली, कधीपर्यंत चालेल. मुलीने ती हातात घेऊन पुन्हा स्वतः वाचली. मग डब्यावरचे लेबलही वाचू लागली.

"तुमचा वाचून झाला आसंल तं टोचा आता," आजोबा म्हणाले. "भरती सुरू व्हायच्या आत घरी जायचंय."

बाई हसल्या. त्या दिवसांत मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले. आजोबांना काही झाले नाही. ते आगरला गेले आणि त्यांनी स्वतःच ही गोष्ट सांगितली, त्यानंतर हळूहळू बाकीचे लोकही येऊ लागले.

नव्या फौजदारांना शिकवायची वेळ आली की मी ही हकिगत सांगायचो. गुन्हा घडला की पहिला प्रश्न आपल्या तोंडात येतो, हे कोणी केले? तो विचारायलाच हवा. पण त्याच्या आधी कधीकधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो, अजून कोणाला वाचवता येईल? हा प्रश्न लोकांसमोर ठेवला तर ते मदत करतात. संतापलेली मुलगी गर्दी शांत करते, घाबरलेली डॉक्टर फोनला चिकटून बसते, आणि खोटे बोलणारा माणूसही कधीतरी खरे सांगून मोकळा होतो. माझ्या सगळ्या नोकरीत मी पुष्कळ आरोपी पकडले. त्यांतले किती सुटले आणि किती नाही, हे मला आता सांगता येणार नाही. पण त्या दिवशी आम्ही वेळेवर पोहोचवलेली माणसे अजून आपल्या नातवंडांना चालताना बघतात, हे मला माहीत आहे, आणि तेवढे मला पुरते.